ट्रेलरच्या चाकांची बेअरिंगं : निपलमधून ग्रीस मारलं म्हणजे सर्व्हिस झाली का?

घाटवाट

नमस्कार मंडळी. धागा लांबेल, पण हे अर्धवट लिहून उपयोग नाही. गाडीमागे ट्रेलर ओढणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं मनापासून वाटतं.

आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. तीन वर्षांपूर्वी एक वापरलेला २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. दोन ॲक्सल, प्रत्येकी ३५०० पाउंड भार पेलणारा, चारही चाकांना दहा इंची इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक. या एप्रिलमध्ये, हंगाम सुरू व्हायच्या आधी, एका दुकानात चारही चाकांच्या बेअरिंगची सर्व्हिस करून घेतली. बिलावर तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. जूनमध्ये मुलांची शाळा सुटली आणि आम्ही आय-७० महामार्गाने पश्चिमेला निघालो. आयझेनहॉवर बोगदा, ग्रँड जंक्शन, आणि मग युटामधलं ग्रीन रिव्हर.

ज्यांनी तो रस्ता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ग्रीन रिव्हर सोडलं की सलायना गावापर्यंत सुमारे ११० मैल काही नाही. पेट्रोल पंप नाही, दुकान नाही, घर नाही. लाल-पिवळे खडक आणि चढ-उतार, एवढंच. त्यामुळे सगळे जण ग्रीन रिव्हरला टाकी भरून घेतात. आम्हीही थांबलो.

थांबलो की चारही हबवर (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंगं बसतात) तापमानाची बंदूक धरायची ही माझी सवय. बाहेर ३७ सेल्सिअस होतं. तीन हब ५० ते ५२ दाखवत होते. उजवं मागचं चाक ९६. पुन्हा धरली, ९६. खाली वाकून पाहिलं तर रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे काळपट-लाल फराटे उठलेले, मधून बाहेर, आरे असावेत तसे. जळका वासही येत होता.

पुढे जायचं नाही हे तिथेच ठरवलं. गावातल्या कॅम्पग्राउंडवर हळूहळू नेऊन ट्रेलर लावला आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर ड्रम काढला.

आत काय दिसलं ते नीट वाचा, कारण सगळं त्यातच आहे. आतल्या बाजूचं बेअरिंग नव्या कोऱ्या लाल ग्रीसने गच्च भरलेलं. त्याच्या मागचं सील (ग्रीस आत अडवणारी कडी) एका बाजूने उचललं गेलेलं आणि तिथून ग्रीस ब्रेकवर उतरलेलं. दोन्ही ब्रेक शू ओले, ब्रेक लावणारं मॅग्नेट ओलं. आणि बाहेरच्या बाजूचं बेअरिंग? त्याच्यात कित्येक वर्षांचं काळं, सुकून मेणासारखं झालेलं ग्रीस. लाल ग्रीसचा एक ठिपकाही नाही. रोलरवर निळसर झाक आलेली, कपावर (रोलर ज्यात फिरतात त्या बाहेरच्या कड्यावर) ओरखडे.

म्हणजे ड्रम उघडलाच नव्हता. ॲक्सलच्या टोकाला ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस आत ढकलायचं छोटं तोंड, असतं, त्याला गन लावून ग्रीस मारलं होतं. त्या व्यवस्थेत ग्रीस ॲक्सलच्या पोटातल्या भोकातून आधी आतल्या बाजूला, सील आणि आतलं बेअरिंग यांच्या मधोमध निघतं. तिथून ते आतल्या बेअरिंगमधून, हबच्या पोकळीतून, मग बाहेरच्या बेअरिंगमधून पुढे यायला हवं. पण चाक न फिरवता घाईने गन दाबली, किंवा पुढचं जुनं ग्रीस घट्ट झालेलं असलं, तर नव्या ग्रीसला सगळ्यात सोपी वाट मागची. ते सील ढकलून ब्रेकमध्ये जातं. गन मारणाऱ्याला वाटतं, भरपूर गेलं. गेलेलं असतंच, पण भलत्या जागी.

एक अख्खा दिवस ग्रँड जंक्शनला जाऊन-येऊन, दोनशे मैल, सामान आणण्यात गेला. दोन बेअरिंगं कपांसकट, सील, आणि ब्रेकची अख्खी प्लेट. ग्रीस प्यालेले ब्रेक शू कितीही धुतले तरी भरवशाचे राहत नाहीत, त्यामुळे ती बदललीच. प्लेट उजव्या बाजूची वेगळी, डाव्या बाजूची वेगळी मिळते, हे दुकानात जाऊन कळलं. चार नट आणि दोन वायरी, तेवढंच काम असतं.

घरी आल्यावर उरलेली तिन्ही चाकं उघडली. दोन्ही डाव्या चाकांत बाहेरचं बेअरिंग तसंच, जुन्या ग्रीसमध्ये. उजव्या पुढच्या चाकात मात्र लाल ग्रीस शेवटपर्यंत पोचलेलं होतं. म्हणजे चारातलं एक नशिबाने बरोबर झालं.

माझं म्हणणं एवढंच आहे. निपल ही सोय आहे, सर्व्हिस नाही. वर्षातून एकदा ड्रम काढून, बेअरिंग हातात घेऊन, उजेडात बघितलंच पाहिजे. तुमचा अनुभव काय? आणि मी काय चुकतोय तेही सांगा.

---

जुनीजीप

घाटवाट, थोडक्यात वाचलात. मुलं बरोबर असताना अशा ठिकाणी अडकणं वाईटच.

पण निष्कर्ष पटला नाही. मी टेक्सासमध्ये आठ वर्षं निपलवाले ॲक्सल वापरतोय. चाक उचलायचं, एका हाताने सावकाश फिरवत राहायचं, हातानेच चालणाऱ्या गनने एकेक दाब द्यायचा. पुढून जुनं ग्रीस येऊ लागतं, मग रंग बदलतो, मग थांबायचं. एकदाही सील गेलं नाही. तुमच्याकडे चूक झाली ती माणसाची, निपलची नाही. दरवर्षी उघडलं तर दरवर्षी नवं सील, नट अडवणारी नवी पिन, आणि नट चुकीचा आवळला जाण्याची दरवर्षी नवी संधी.

---

घाटवाट

जुनीजीप, तुमची पद्धत बरोबर आहे, निपल तसंच वापरायला हवं. पण दोन गोष्टी.

एक म्हणजे ग्रीस पुढून बाहेर आलं, यावरून बेअरिंगची तब्येत कळत नाही. कपावर खड्डे पडायला लागलेत का, रोलर निळे झालेत का, हे नव्या ग्रीसखाली झाकलं जातं. दुसरी गोष्ट, ब्रेक. शू किती उरलेत, मॅग्नेट किती झिजलंय, वायर घासतेय का, हे ड्रम काढल्याशिवाय दिसतच नाही. ॲक्सल बनवणाऱ्या डेक्स्टर कंपनीच्या माहितीपुस्तिकेत बेअरिंगसाठी १२ महिने किंवा १२,००० मैल, जे आधी येईल ते, असं आहे. ट्रेलर वर्षाला चार हजार मैल धावला तरी महिने बाराच मोजायचे. आमच्याकडे तो ऑक्टोबर ते एप्रिल उभाच असतो, आणि उभ्या ट्रेलरच्या बेअरिंगमध्ये ओल शिरून गंज धरतो तो धावत्यापेक्षा लवकर.

---

लेथमशीन

मी बेअरिंगच्या क्षेत्रात बरीच वर्षं काम केलं आहे, पुण्याजवळ. थोडं 'का' बद्दल लिहितो. 'कसं' ते इथले अनुभवी लोक सांगतीलच.

ट्रेलरच्या हबमध्ये जी असतात ती टेपर रोलर बेअरिंगं. रोलर एका टोकाला किंचित बारीक, गाजरासारखे. हेन्री टिमकेन या घोडागाड्या बनवणाऱ्या माणसाने १८९८ साली त्याचं पेटंट घेतलं. कारण सरळ आहे. गाडी वळली की चाकावर दोन तऱ्हेचा भार येतो : वरून खाली वजनाचा आणि आडवा, चाकाला ॲक्सलवरून बाहेर ढकलणारा. तिरके बसवलेले रोलर दोन्ही भार घेतात. हबमध्ये अशी दोन बेअरिंगं एकमेकांकडे तोंड करून बसतात, म्हणून आडवा भार कुठूनही आला तरी एक ना एक बेअरिंग तो झेलतं.

याचाच परिणाम म्हणून नट किती आवळायचा हा प्रश्न एवढा नाजूक होतो. तिरका रोलर तिरक्या कपात जितका आत ढकलाल तितका घट्ट बसतो. नट गच्च आवळून ठेवला तर धावताना गरम होऊन धातू फुगतो, उरलासुरला खेळ संपतो, ग्रीसचा थर पिळून निघतो आणि बेअरिंग तासाभरात जळू शकतं. सैल राहिला तर चाक डुगडुगतं, टायर वेडावाकडा झिजतो, सील लवकर जातं. दोन्ही वाईट, पण घट्ट जास्त वाईट. इंचाच्या हजाराव्या भागापासून शंभराव्या भागापर्यंत, म्हणजे मिलिमीटरमध्ये ०.०२५ ते ०.२५, एवढा खेळ असायला हवा.

करायचं असं : नट हाताने लावा, मग चाक फिरवत फिरवत ५० फूट-पाउंडांपर्यंत आवळा. फिरवत, हे महत्त्वाचं. त्याशिवाय रोलर आपापल्या जागी बसत नाहीत आणि मधलं ग्रीस हटत नाही. मग नट पूर्ण सैल करा, पण आता चाक फिरवू नका. मग फक्त बोटांनी, पान्हा न लावता, नट टेकेपर्यंत आणा. पिनेचं भोक समोर आलं नाही तर नट पुढे नाही, मागे न्यायचा, पहिली खाच जुळेपर्यंत. पिन घातल्यावर नट बोटाने किंचित हलला पाहिजे. नवशिक्याला हे बघून भीती वाटते, 'नट सैल राहिला' म्हणून तो पुन्हा आवळतो. तिथेच बेअरिंग मरतं.

अजून एक. कप आणि कोन (रोलरसकट आतलं कडं) जोडीने झिजतात. धुताना चार चाकांची बेअरिंगं एका डब्यात टाकू नका. जो कोन ज्या कपात फिरला त्याच कपात परत गेला पाहिजे. आणि बदलायचं असेल तर जोडी बदला, एकट्या कोनाला जुन्या कपात घालू नका.

---

अबोली

वाचनखूण साठवली आहे. घाटवाट, लेथमशीन, दोघांचेही आभार.

आम्ही मिशिगनमध्ये. या वर्षीच छोटा ट्रेलर घेतलाय, एकच ॲक्सल. नवरा कामानिमित्त बाहेर असतो, त्यामुळे हे मीच करणार आहे. प्रश्न तीन : ग्रीस कुठलं घ्यायचं? दुकानात लाल, निळं, हिरवं सगळंच असतं. सील कोणत्या बाजूने बसवायचं? आणि ग्रीस हाताने भरायचं म्हणजे नेमकं काय करायचं? व्हिडिओत माणसाचा हातच कॅमेऱ्याआड असतो.

---

घाटवाट

अबोली, नक्की करा, अवघड नाही. वेळ लागतो आणि हात काळे होतात, बाकी काही नाही.

ग्रीसचा रंग हा नुसता रंग असतो, त्यावरून काही ठरवू नका. डबीवर तीन गोष्टी शोधा : लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय क्रमांक २ (हा घट्टपणाचा आकडा), आणि जीसी-एलबी अशी खूण. शेवटची खूण म्हणजे ते चाकाच्या बेअरिंगसाठी आणि चॅसीसाठी दोन्हीला चालतं. जुनं ग्रीस कुठलं आहे माहीत नसेल तर त्यावर नवं लावू नका. लिथियम आणि पॉलियुरियाचं, किंवा लिथियम आणि मातीच्या आधारावर बनवलेलं ग्रीस एकत्र आलं की मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकतं. सगळं धुऊन काढून एकाच डबीतलं भरायचं, मग चिंता नाही.

सील बसवताना स्प्रिंग असलेली बाजू आत, ग्रीसकडे. सपाट बाजू तुमच्याकडे, ब्रेकच्या बाजूला. ओठावर बोटाने थोडं ग्रीस फिरवा. वर लाकडाचा सपाट ठोकळा ठेवून हळूहळू, सगळीकडून सारखं ठोकत हबच्या कडेला पातळीत आणा. तिरकं गेलं तर काढून टाका आणि दुसरं घ्या. जुनं सील परत कधीच वापरायचं नाही, दिसायला कितीही चांगलं असलं तरी.

आता ग्रीस भरणं. डाव्या तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्या. उजव्या हातात बेअरिंग असं धरा की त्याची रुंद बाजू खाली, तळहाताकडे येईल. बेअरिंगची कडा गोळ्याच्या कडेवर दाबून स्वतःकडे ओढा, जणू तळहातावरून ग्रीस खरवडून घेताय. पहिल्या पाच-सहा वेळा काहीच होत नाही. मग रोलर आणि पिंजरा यांच्या मधल्या फटींतून, वरच्या अरुंद बाजूने, ग्रीसचे बारीक बारीक दोरे वर येऊ लागतात, सोऱ्यातून शेव पडावी तसे. तेवढा भाग भरला. बेअरिंग थोडं फिरवा, पुढचा भाग. अख्खी फेरी झाली की रोलरवरून बोटाने बाहेरूनही एक हात फिरवा. एका बेअरिंगला पाचेक मिनिटं लागतात. यंत्रानेही भरता येतं, दोन वाट्यांमध्ये बेअरिंग धरून गनने. पण पहिल्यांदा हातानेच करा, रोलरमधलं एखादं खरखरीतपण बोटाला लागतं.

हबच्या पोकळीत ठासून भरू नका. कपांच्या पातळीपर्यंत आतून थर द्या, म्हणजे बेअरिंगमधलं ग्रीस मधल्या रिकाम्या जागेत सरकत नाही.

---

कृष्णाकाठ

नमस्कार. मी वाळवा तालुक्यातला. ट्रेलर म्हणून फिरायला जायचा आमचा काही संबंध नाही, पण ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या आहेत आणि गेली सतरा वर्षं कारखान्याला ऊस ओढतोय. धागा वाचून राहवलं नाही.

घाटवाट साहेब, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. आमच्याकडे दोन ट्रॉल्यांत मिळून वीसेक टन ऊस असतो, रस्ता म्हणजे अर्धा चिखल अर्धा खड्डा. रानातून निघताना चाकं कधी कधी हबपर्यंत पाण्यात. हंगाम सुरू व्हायच्या आधी सगळे हब खोलायचेच, हा आमच्या वडिलांचा नियम. दसऱ्याच्या आधी आठ दिवस हे काम. खंडेनवमीला अवजारांची पूजा असते, त्या दिवशी ट्रॉलीला हळदकुंकू लावताना हब आतून स्वच्छ असला पाहिजे, असं ते म्हणायचे. आजही तसंच करतो.

एका वर्षी ते जमलं नाही. आईच्या आजारपणात दसरा गेला, हंगाम सुरू झाला, ट्रॉली तशीच जुंपली. डिसेंबरात, रात्री साडेअकराला, भरलेल्या ट्रॉलीचं डावं चाक कारखान्यापासून चार किलोमीटरवर गेलं. बेअरिंग फुटून कोन ॲक्सलला चिकटला होता. रस्त्यावर अर्धा ऊस उतरवून दुसऱ्या ट्रॉलीत भरायला सकाळ झाली. ॲक्सलचं टोक खराब झालं ते वेगळंच, ते भरून लेथवर परत करावं लागलं. बेअरिंगचे पैसे काही फार नसतात. ॲक्सलचे असतात.

आम्ही बंदूकबिंदूक वापरत नाही. कारखान्याच्या अड्ड्यात काट्यावर नंबर लागेपर्यंत गाडी उभीच असते, तेव्हा प्रत्येक हबवर हात ठेवून बघायचा. हात टिकला तर ठीक. टिकला नाही तर ते चाक दुसऱ्या दिवशी खोलायचं. सगळी चाकं सारखी गरम असतील तर भीती नाही, एकच वेगळं असेल तर तिथे काहीतरी आहे.

ग्रीस आम्ही एपी-३ वापरतो, म्हणजे ३ नंबरचं, थोडं जाड. आमच्या उन्हाला आणि वजनाला ते टिकतं. थंड देशात तुमचं २ नंबरच बरोबर.

आमच्या आजोबांच्या काळी बैलगाडीच्या लाकडी चाकाला वंगण असायचं. गाडीखाली बांबूच्या नळीत एरंडेलात भिजवलेली चिंधी. लांब जायचं तर वाटेत चाक बाजूला सरकवून आसावर ती फिरवायची. गाडी कुरकुरायला लागली की शेजारचा म्हातारा रस्त्यात थांबवून म्हणायचा, 'अरे, वंगण घाल रे आधी.' बेअरिंग कुरकुरत नाही, तेवढी वाईट सोय आहे. ते एकदम जातं.

---

लेथमशीन

कृष्णाकाठ, फार चांगलं लिहिलंत. ॲक्सलचं टोक खराब होण्याबद्दल : कोन अडकला की त्याचं आतलं भोक ॲक्सलवर फिरू लागतं आणि ते टोक खरवडलं जातं. मग नवं बेअरिंगही त्यावर नीट बसत नाही. म्हणून हब उघडलेला असताना ॲक्सलच्या टोकावर नखाने आडवं खरडून बघायचं. नख अडकलं तर तपासून घ्या.

---

लेस्टरकर

इकडे ब्रिटनमध्ये चित्र वेगळं आहे म्हणून लिहिते, नाहीतर इथले कोणी हा धागा वाचून ड्रम उघडून बसतील.

आमच्या कॅराव्हॅनला अल-को कंपनीचा ॲक्सल आहे, इथल्या बऱ्याच कॅराव्हॅनना असतो. त्यात बेअरिंग बंद डबीसारखं असतं, कारखान्यातच ग्रीस भरून सील केलेलं. त्याला ग्रीस लावायचंच नसतं. ड्रम धरून ठेवणारा मोठा नट एकदाच वापरायचा; काढला की फेकायचा आणि नवा लावून २९० न्यूटन-मीटरला आवळायचा. घरच्या साध्या टॉर्क रेंचला ते झेपत नाही. मी वर्षातून एकदा ते काम येऊन करणाऱ्या माणसाकडून करवून घेते, आणि नव्या नटाचं रिकामं पाकीट मागून घेते.

थोडक्यात, आधी आपला ॲक्सल कोणता ते बघा, मग लेथमशीन यांची 'बोटांनी आवळायची' पद्धत वापरा. या दोन पद्धतींची अदलाबदल झाली तर अनर्थ होईल.

---

घाटवाट

लेस्टरकर, अत्यंत महत्त्वाचा मुद्दा, धन्यवाद. अमेरिकेतही काही ट्रेलरना असं सीलबंद बेअरिंग येतं, डेक्स्टरचं नेव्ह-आर-ल्यूब त्याच जातीचं. मी जे लिहिलं ते उघडता येणाऱ्या, कॉटर पिनवाल्या हबसाठी.

---

जुनीजीप

या चर्चेनंतर शनिवारी माझा एक ड्रम उघडला. प्रामाणिकपणे सांगतो. बेअरिंगं दोन्ही उत्तम, ग्रीस शेवटपर्यंत ताजं. निपलबद्दलचं माझं मत कायम आहे. पण ब्रेकचं मॅग्नेट इतकं झिजलं होतं की आतलं तांबं दिसत होतं. ब्रेक कमी लागतोय हे जाणवत होतं, मी गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरवर जोर वाढवत गेलो होतो. उरलेले तीन या शनिवारी.

एक सूचना. ड्रम उघडल्यावर आतली ब्रेकची धूळ हवेच्या नळीने उडवू नका, जुन्या ब्रेकमध्ये काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने काढा. आणि धुतलेलं बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरवायचा मोह टाळा. कोरडं बेअरिंग त्या वेगाने फुटून रोलर उडू शकतात.

---

अबोली

आज केलं. सकाळी नऊला सुरू केलं, दोन चाकं, चार वाजले.

जॅक चॅसीला लावला, ॲक्सलच्या नळीला नाही (माहितीपुस्तिकेत ठळक लिहिलंय). ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवला, दुसऱ्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून अडसर, आणि खाली स्टँड. टोपी स्क्रूड्रायव्हरने कडेकडेने उचकटली. पिनेचे पाय सरळ करून पकडीने ओढली. नट, जीभवाला वॉशर, आणि ड्रम जरा पुढे ओढला की बाहेरचं बेअरिंग आपोआप हातात आलं.

डावीकडे सगळं ठीक. उजवीकडे आतलं बेअरिंग काढलं तर ग्रीस राखाडी-पांढरट, चहात दूध घालावं तसं. धुतल्यावर कपावर सारख्या अंतरावर तपकिरी आडव्या रेघा. उजेडात फिरवून मोजल्या, रोलरच्या अंतराला बरोबर जुळतात. हे काय?

---

लेथमशीन

पाणी शिरलं होतं. पांढरट ग्रीस म्हणजे पाण्याबरोबर घुसळलेलं ग्रीस. आणि रेघा म्हणजे ट्रेलर महिनोन्‌महिने एका जागी उभा असताना जिथे जिथे रोलर टेकला होता तिथे धरलेला गंज. आधीच्या मालकाने तो तळ्याकाठी पाण्यात उतरवला असेल, बोटीच्या ट्रेलरला हे हमखास होतं. धावून गरम झालेला हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेतून पाणी आत ओढलं जातं.

रेघांवर नख फिरवा. नख अडकत असेल तर कप आणि कोन दोन्ही बदला. नुसता डाग असेल तरी मी बदलीन.

---

अबोली

अडकतंय. बदलते.

---

घाटवाट

अबोली, जुना कप काढायला हबमध्ये मागून दोन खाचा असतात, तिथे पितळी पंच टेकवून आळीपाळीने ठोका. पोलादी पंच नको, हबला ओरखडे पडतात. नवा कप बसवताना जुना कप त्याच्यावर उलटा ठेवून त्यावर ठोकला तर नव्याला इजा होत नाही. आवाजाकडे कान द्या. कप खाली जात असतो तेव्हा आवाज पोकळ येतो, आणि पूर्ण टेकला की एकदम भरीव, ऐरणीवर हातोडी पडल्यासारखा. तो आवाज आला की थांबायचं. फट राहिलीय का ते बॅटरी लावून सगळीकडून बघा. थोडी जरी राहिली तरी नंतर कप सरकेल आणि तुमचा नट आपोआप सैल होईल.

बेअरिंग घेताना नंबर जुन्यावर कोरलेला असतो तोच द्या, 'ट्रेलर अमुक फुटी' असं सांगून मागू नका. माझ्या ३५०० च्या ॲक्सलला आत एल६८१४९ आणि बाहेर एल४४६४९ लागतं, कप अनुक्रमे एल६८१११ आणि एल४४६१०. तुमच्यावर जे असेल ते वाचा.

आणि चाक लावल्यावर त्याचे नट टॉर्क रेंचनेच, ताऱ्याच्या आकारात, टप्प्याटप्प्याने. मग १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून पुन्हा. लोक बेअरिंग जिवापाड जपतात आणि हे विसरतात.

---

कृष्णाकाठ

पिन नवी घाला, ताई. जुनी वाकवून सरळ केलेली पिन परत वाकवली की मोडते. बैलगाडीच्या चाकाची खीळ म्हणतात ती हीच. दिसायला एवढीशी, पण चाक तिच्यावरच.

---

अबोली

नवीच घातली, दोन्हीकडे. उजवीकडचा कप शेवटी बसला तो आवाज अगदी तसाच आला, घाटवाट. चाळीस मैल फिरवून आणला : डावं ३९, उजवं ४१. बाहेर २७ होतं. पन्नास मैलांचे नट उद्या.

---

घाटवाट

वा! दोन अंशांचा फरक काहीच नाही. उन्हाची बाजू असेल.

आमचंही सांगतो. सप्टेंबरमध्ये राहिलेली सहल पूर्ण केली. ग्रीन रिव्हरला थांबलो, खरबुजांचा हंगाम होता, रस्त्याकडेला ढीग लागले होते, दोन घेतली. चार हब : ४४, ४५, ४४, ४९. ते ४९ डावं पुढचं. त्याचा ब्रेक जरासा लागून राहतोय असं वाटतं, चाक उचलून फिरवलं तर एका जागी खरखरतं. सलायनाला पोचल्यावर पुन्हा बघितलं, ४९ च होतं. आता ब्रेकचा स्क्रू दोन दात मागे घेतलाय. एप्रिलला ड्रम उघडेन तेव्हा तेच चाक पहिलं.

सुट्या सामानाचा एक डबा आता कायम ट्रेलरमध्ये असतो : एका चाकाची दोन्ही बेअरिंगं कपांसकट, एक सील, चार पिना, ग्रीसची छोटी डबी, पितळी पंच, चिंध्या.